पेढी टिकते कशाने?

आपल्या व्यापारी संघाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा संपादक मंडळाकडून झाली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. १९७७ सालापासून बेळगावच्या रविवार पेठेत तांदूळ व कडधान्ये यांचा घाऊक व्यापार करीत आलो, एवढीच माझी विद्या. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या पेठेतील अनेक जुन्या पेढ्यांच्या पाट्या उतरलेल्या पाहिल्या. त्या पेढ्यांचे दिवाळे निघाले नव्हते, की गिऱ्हाईक तुटले नव्हते. "काळ बदलला" एवढे म्हणून वडील मंडळींनी कुलूप लावले आणि मुले पुण्यास वा बंगळूरला नोकरीस गेली. आमच्याही पेढीवर ती वेळ येऊन ठेपली होती. ती कशी टळली आणि त्यातून मी काय शिकलो, ते सभासद बंधुभगिनींपुढे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

काळ स्थिर होता केव्हा?

"काळ बदलला" ही तक्रार नवी नाही. आमची पेढी आजोबांनी १९३८ साली काढली. त्यांचा मुख्य उदीम गोव्याशी होता. १९५५ मध्ये भारत सरकारने पोर्तुगिजांच्या ताब्यातील गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि आजोबांची निम्मी गिऱ्हाइके सीमेपलीकडे अडकली. त्यांनी आंबोली घाटाने सावंतवाडी व वेंगुर्ल्याकडे मोर्चा वळविला. इतक्यात १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, आणि कालपर्यंत घरचा असलेला कोकणचा व्यापार परराज्याचा झाला. १९५७ मध्ये नवे पैसे आले. पाठोपाठ शेर व मण जाऊन किलो व क्विंटल आले. वडील सांगत की, कित्येक महिने हिशेब मणांत करून मग क्विंटलांत उतरवावा लागे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला व जुने गिऱ्हाईक परत जोडावे लागले. १९६६ मध्ये बाजार समित्यांचा राज्य कायदा झाला. १९७३ मध्ये तर केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापारच खाजगी व्यापाऱ्यांकडून काढून आपल्या हाती घेतला, आणि तो झेपत नाही असे दिसताच पुढील वर्षी सोडून दिला.

या प्रत्येक वेळी पेठेत "आता व्यापार संपला" असेच बोलले गेले. काही पेढ्या संपल्याही. पण सर्व नव्हे. म्हणजे काळ बदलणे हे पेढी बुडण्याचे खरे कारण नव्हे. ज्या पेढीला आपण नेमके काय विकतो हेच ठाऊक नसते, तिला बदललेल्या काळात काय सोडावे आणि काय धरावे हे कळत नाही, आणि ती बुडते. असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

आपल्याला पैसे कशाबद्दल मिळतात?

धान्याचा व्यापारी धान्य विकतो, हे उत्तर वरवरचे आहे. धान्य शेतकरी पिकवितो. मधल्या माणसाला जे चार पैसे मिळतात, ते त्याने केलेल्या कामाबद्दल. आमच्या पेढीची अशी चार कामे होती : भावाची बातमी ठेवणे, मालाची प्रत पारखणे, माल साठविणे आणि गिऱ्हाइकास उधार देणे.

पैकी पहिले काम पार गेले. मी पेढीवर आलो तेव्हा दूरच्या बाजाराचा भाव तारेने वा ट्रंककॉलने येई. ज्याच्याकडे तो आधी येई, त्याची त्या दिवशी कमाई होई. आज तार नाही. ती २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली. १४ एप्रिल २०१६ पासून राष्ट्रीय कृषी बाजाराची संगणकीय व्यवस्था सुरू झाली, आणि खेड्यातील किरकोळ दुकानदारही मोबाईलवर दहा बाजारांचे भाव पाहून मग आपल्याशी बोलतो. ज्या पेढ्यांची कमाई मुख्यतः बातमीवर होती, त्यांचा नफा हळूहळू आटत गेला. आणि विक्री पूर्वीइतकीच असल्याने तो का आटला, हे त्यांना शेवटपर्यंत उमगले नाही.

दुसरे काम, म्हणजे प्रत पारखण्याचे, मात्र वाढले आहे. त्यातील एक हिशेब तरुण सभासदांसाठी देतो. शंभर किलो धान्यात १४ टक्के ओलावा आहे, असे धरू. म्हणजे कोरडा ऐवज ८६ किलो. हेच धान्य वखारीत सुकून ओलावा १२ टक्क्यांवर आला, तर वजन साधारण ९७ किलो ७३० ग्रॅम भरते. कोणी चोरी केली नाही, उंदराने खाल्ले नाही, तरी सव्वादोन किलोंची तूट आली. घाऊक धान्यात शेकडा दोन रुपये सुटले तर आपण समाधान मानतो. येथे ते सर्व हवेत गेले. पूर्वी वडील दाणा दाताखाली चावून ओलावा सांगत, आणि त्यांचा अंदाज क्वचितच चुके. आज थोडक्या पैशांत ओलावा मोजण्याचे यंत्र मिळते. खरेदीच्या वेळी ते न वापरणे म्हणजे काटा न लावता माल घेण्यासारखे आहे.

प्रतीची खरी किंमत मला गोव्यातील एका खानावळवाल्याने शिकविली. मी त्याला भाव कमी करून देऊ लागलो, तर तो म्हणाला, "शेटजी, किलोमागे दोन रुपये जास्त लावा, पण या महिन्याचा भात गेल्या महिन्यासारखाच व्हायला हवा. गिऱ्हाईक पानावरून उठून जाते." त्याला स्वस्त तांदूळ नको होता, एकसारखा तांदूळ हवा होता. हे काम कोणत्याही मोबाईलवर होत नाही. त्यासाठी प्रत्येक पोत्यातून नळीने नमुना काढावा लागतो, खडे व कणी वेगळी करावी लागते, नवा-जुना तांदूळ मिसळू न देण्याची दक्षता घ्यावी लागते, आणि मूठभर तांदूळ घरी शिजवून पाहावा लागतो. आमच्या घरी आता प्रत्येक नव्या खरेदीचा भात आधी आमच्या ताटात पडतो.

साठवणुकीचे कामही राहिले आहे, पण त्याचा अर्थ बदलला. जुना तांदूळ शिजताना फुलतो, चिकटत नाही, म्हणून त्याला भाव अधिक. अशी साठवण ही सेवा होय. केवळ भाव चढेल या आशेने माल दाबून ठेवणे ही सेवा नव्हे, आणि तीवर पेढी उभारणे धोक्याचेही आहे. १२ जून २०२३ रोजी सरकारने घाऊक व्यापाऱ्यांसाठी गव्हाच्या साठ्याची मर्यादा ३००० टन केली. ती त्याच वर्षी सप्टेंबरात २००० वर, डिसेंबरात १००० वर आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ५०० टनांवर आणली. आठ महिन्यांत सहावा हिस्सा! ज्याची सारी मदार तेजीवर होती, त्याला पडेल त्या भावाने माल काढावा लागतो. १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्यापासून हा अधिकार सरकारच्या हाती आहे. तो योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण तो आहे हे धरूनच आपण आपले बेत केले पाहिजेत.

उधारीचे गणित

आता चौथे काम, आणि येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे.

उधारी हा आमच्या पेढीचा अभिमान होता. आजोबा म्हणत, "गिऱ्हाईक एकदा जोडले की तीन पिढ्या सुटू नये." मी त्याचा अर्थ असा केला की, गिऱ्हाइकाकडे पैसे मागू नयेत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. त्या वेळी सुटे धान्य करमुक्त होते, पण नोंदणीकृत छापाच्या पिशवीतील धान्यावर शेकडा पाच कर होता. दरमहा विवरणपत्र, तेही संगणकावर. माझ्या हातून हे होईना. मुलगा खरेदीसाठी गावोगाव हिंडत असे. तेव्हा सूनबाई म्हणाली, "मामंजी, मी बी. कॉम. आहे, वह्या माझ्याकडे द्या." पेढीच्या वह्या घरातील सुनेच्या हाती देणे मला जड गेले, हे लपवीत नाही. दोन महिने मी टाळले. अखेर नाइलाजाने दिल्या.

सहा महिन्यांनी तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाचे येणे किती दिवसांचे आहे, ते लिहिले होते. निम्म्याहून अधिक रक्कम साठ दिवसांपलीकडची होती. ती म्हणाली, "मामंजी, आपण तांदूळ विकत नाही. आपण बिनव्याजी पैसे वापरायला देतो आणि वर तांदूळ देतो." मला राग आला. रात्री मात्र झोप आली नाही. सकाळी तिने मांडलेला हिशेब मी स्वतः पुन्हा केला. तो सोयीसाठी ठोकळ आकड्यांत देतो.

एक लाखाचा माल विकला. शेकडा दोन प्रमाणे सुटले दोन हजार. बँकेचे व्याज दरमहा शेकडा एक धरले, तर लाखाला महिन्याचे एक हजार. पैसे तीस दिवसांत आले, तर हाती एक हजार राहतात. साठ दिवसांत आले, तर शून्य. नव्वद दिवसांत आले, तर एक हजारांचा तोटा. आणि हमाली, भाडे, नोकरांचे पगार अजून निघायचेच आहेत. भांडवल घरचे असले तरी गणित बदलत नाही, कारण तेच पैसे बँकेत ठेवले असते तरी काही व्याज आलेच असते.

दुसरे, भांडवलाची फेर. वीस लाखांचे भांडवल साठ दिवसांनी परत येत असेल, तर वर्षात सहा वेळा फिरते, म्हणजे विक्री एक कोटी वीस लाख. तेच तीस दिवसांनी आले, तर बारा फेर होऊन विक्री दोन कोटी चाळीस लाख. एक पैशाचे नवे भांडवल न घालता नफा दुप्पट. वाढीसाठी कर्ज शोधणाऱ्या तरुणांनी आधी आपले येणे तपासावे, असे माझे नम्र सांगणे आहे.

त्यानंतर आम्ही रोखीचा भाव व उधारीचा भाव असे दोन भाव सांगू लागलो. काही गिऱ्हाइके तुटली. त्यात माझा तीस वर्षांचा एक स्नेही होता. तो आजतागायत दुकानाची पायरी चढलेला नाही, याची खंत आहे. पहिल्या वर्षी विक्री चौथ्या हिश्श्याने घटली. दुसऱ्या वर्षी विक्री तेवढीच राहिली, पण वर्षअखेर बँकेचे देणे निम्मे झाले होते. उधार देणे बंद झाले नाही. ते एक काम आहे, आणि त्याचा मोबदला घेतला पाहिजे, एवढेच आम्हाला कळले.

भागीदारीचा कागद

एक धडा याहून महाग पडला. २०१४ मध्ये गोव्याकडील एका दुकानदाराकडे आमचे नऊ लाख रुपये अडकले. "पुढच्या हंगामात देतो" असे म्हणत त्याने चार वर्षे काढली होती. अखेर मी वकिलांकडे गेलो. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : "त्याची बाकी मान्य असल्याची सही आहे काय? आणि तुमची भागीदारी नोंदलेली आहे काय?" दोन्हींचे उत्तर "नाही" असे होते. नऊ लाख गेले. शेकडा दोन नफ्याने ते भरून काढण्यास साडेचार कोटींची विक्री करावी लागते!

कायदा काय आहे, ते थोडक्यात सांगतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत तीन वर्षे आहे. ती संपण्यापूर्वी ऋणकोने बाकी मान्य असल्याचे लिहून सही दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून दर ३१ मार्चला बाकीचे पत्र पाठवून सही घ्यावी. यात अविश्वास नाही. चोख देणारा ती आनंदाने देतो. दुसरे, १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे न नोंदलेल्या पेढीस आपल्या व्यवहारातील येण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. नोंदणी सक्तीची नाही म्हणून आपण ती टाळतो, आणि गरज पडते तेव्हा हात बांधलेले असतात.

तिसरी गोष्ट याहून नाजूक. करारात तशी तरतूद नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी कायद्याने विसर्जित होते. भागीदार दोनच असतील, तर तरतूद असूनही उपयोग नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. आमच्या काकांच्या निधनानंतर चुलतभाऊ व मी केवळ शब्दावर काम करीत राहिलो. आमच्यात प्रेम होते म्हणून निभावले. पण पुढच्या पिढीत, बायकामुले, जावई, वाटे आल्यावर केवळ प्रेमावर विसंबणे म्हणजे त्या प्रेमाचीच परीक्षा पाहणे होय. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींनाही मुलांप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला आहे, आणि तो वारसा कायदा आपणांसही लागू आहे. तेव्हा पेढीत कोणाचे किती, हे सर्वजण हयात व आनंदात असतानाच लिहून ठेवावे.

२००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी करता येते. व्यवहारात तिला एल्. एल्. पी. म्हणतात. भागीदार गेला वा निघाला तरी ती पेढी चालू राहते, आणि पेढीच्या कर्जापायी भागीदाराच्या घरादारावर सहसा जप्ती येत नाही. मात्र बँक कर्जासाठी स्वतंत्र जामीनकी मागते; ती लिहून देताना दहा वेळा विचार करावा. आम्ही २०१८ मध्ये अशी भागीदारी केली : चुलतभाऊ, मी, मुलगा व सूनबाई. त्या दिवसापासून गल्ल्यातून घरखर्चास पैसे उचलणे बंद झाले. प्रत्येकास दरमहा ठराविक रक्कम मिळते, मलाही. पहिल्या महिन्यात तीनदा गल्ल्याकडे माझा हात गेला आणि तीनदा परत आला. पण पेढीला खरोखर किती सुटते, हे चाळीस वर्षांत प्रथम कळले.

जाणत्याला जवळ करावे

आपल्या समाजात शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव आदराने घेतले जाते. १८८२ साली सोलापूरच्या व्यापारी घराण्यात जन्मलेल्या या पुरुषाने १९१९ मध्ये इतर उद्योगपतींसह सिंदिया जहाज कंपनी काढली. तिचे 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून विलायतेस निघाले, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजांचा कारखाना त्यांनी उभारला. त्यांच्या धाडसाचे आपण गोडवे गातो. पण त्यांची एक सवय मला अधिक अनुकरणीय वाटते. जे काम स्वतःस येत नव्हते, त्यात त्यांनी जाणता माणूस सोबत घेतला. रेल्वेच्या ठेकेदारीत शिरताना त्यांनी भागीदारी केली, ती रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी. एकाजवळ घराण्याची पत होती, दुसऱ्याजवळ कामाचे ज्ञान. जात वा नाते त्यांनी पाहिले नाही.

आपल्या पेढ्या लहान असल्या तरी नियम तोच. मला बातमी कळत होती, प्रत कळत होती. हिशेब कळत नव्हता. जाणते माणूस माझ्याच घरात होते, आणि मी दोन महिने त्याच्या हाती वही देत नव्हतो.

येत्या लक्ष्मीपूजनास नवी वही उघडाल, तेव्हा पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहावेत, अशी माझी विनंती आहे. यंदा आपल्याला पैसे कोणत्या कामाबद्दल मिळाले? आपले पैसे किती दिवसांनी परत आले? उद्या मी नसलो, तर पेढी कोणाच्या सहीने उघडेल? उत्तरे घरातील तरुण मंडळींसमवेत, मुलीसुनांसह बसून लिहावीत. ज्या घरात ही उत्तरे मिळतील, त्या घरातील मुलाने नोकरीस जावयाचे ठरविले, तरी ते समजून उमजून ठरविलेले असेल. कुलूप लावण्याची वेळ आलीच, तर ते हिशेब करून लावावे. हिशेब नाही म्हणून नव्हे.